शंभर वॅटचा सोस

भाच्याला पहिल्या नोकरीचा पहिला बोनस मिळाला आणि तो चार हमालांनी जिन्यावरून वर आणला. म्हणजे बोनस नव्हे, बोनसातून घेतलेला गिटारचा अँप. व्हॉल्व्हवाला, १०० वॅटचा. त्याचे दोन भाग असतात. वरच्याला हेड म्हणतात आणि खालच्याला कॅबिनेट. 'कॅबिनेट' ऐकल्यावर आमच्या ताईनं त्याचं दार कुठून उघडतं ते चहूबाजूंनी शोधलं. तिला त्यात पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्या होत्या. आत बारा इंची चार स्पीकर आहेत असं कळल्यावर ती जी स्वयंपाकघरात गेली, ती चहा घेऊनच बाहेर आली.

आता घर कुठलं? कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट. भिंती अशा की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करावा. पहिल्याच संध्याकाळी भाच्यानं एक तार छेडली आणि सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवरच वर आले. त्या दिवसापासून आवाजाचं बटण एकच्या पुढे गेलं नाही. आणि एकवर हा १०० वॅटचा राक्षस वाजतो कसा? काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.

"मामा, टोन मिळत नाही," भाचा म्हणाला. मग तो टोन शोधायला पेडलं आली. पायाशी ठेवायच्या लोखंडी डब्या. एक आवाज फाडते, एक फाडलेला शिवते, एक त्याचा प्रतिध्वनी काढते. दर पगाराला एक. सात झाल्या. आठवी यायच्या आधी एका रविवारी त्यानं गिटार पेटीत ठेवली आणि म्हणाला, "माझ्या हातातच नाहीये ते." तीन आठवडे पेटी उघडली नाही. ताईचा फोन आला, "तू बोल रे त्याच्याशी. पोरगं जेवताना बोलतसुद्धा नाही."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. ज्याची बोटं बारा वर्षं तारांवर घासली गेली आहेत त्या पोराला आपल्या बोटांवर संशय यावा, आणि तो कशामुळे? तर दुकानदारानं त्याला एक आकडा विकला म्हणून!

तुम्ही म्हणाल, याला गिटारमधलं काय कळतं? गिटारमधलं नाही कळत. पण व्हॉल्व्हमधलं कळतं. तरुणपणी मी पोस्टानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि घरातला चालू रेडिओ दोनदा दुरुस्त केला होता. त्या रेडिओवर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल असे. बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच नाही. मग हिरवा डोळा उजळायचा आणि मागून उबदार, जरा भाजल्यासारखा वास यायचा. रेडिओलाही आधी अंग तापवायला लागतं, हे आम्ही तिथे शिकलो.

व्हॉल्व्हचं काम तसं सोपं आहे. काचेच्या निर्वात नळीत एक भाग तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये जाळी. गिटारकडून आलेला क्षीणसा इशारा त्या जाळीला मिळतो आणि ती दारावरच्या गुरख्यासारखी या गर्दीला सोडते, अडवते. इशारा माफक असेल तर सगळं शिस्तीत चालतं. तो जोराचा झाला की व्हॉल्व्हला पेलत नाही आणि लाटेची टोकं दबून गोल होतात. मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वर फुटायला लागतात. यालाच भाचा 'टोन' म्हणतो.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत माणूस तासभर बसतो, तो कशासाठी? तार घोडीला हलकेच घासावी आणि एका स्वरात दहा स्वर ऐकू यावेत म्हणून. त्याला जवारी म्हणतात. व्हॉल्व्हची जवारी बटण पुढे नेल्याशिवाय लागत नाही, एवढाच फरक. १०० वॅटचा अँप एकवर लावून टोन शोधणं म्हणजे तंबोऱ्याला गवसणी घालून जवारी लावणं आहे.

आणि तो आकडा! पोराला वाटलं, १०० वॅट म्हणजे १० वॅटच्या दहापट आवाज. साफ खोटं. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती दहापट लागते. म्हणजे १०० वॅटचा अँप १० वॅटच्यापेक्षा फक्त दुपटीनं मोठा. पैसे मात्र दुपटीवर थांबत नाहीत आणि वजन हमालांना विचारा.

मग हे राक्षस जन्माला आलेच का? गरज होती म्हणून. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं दुकान होतं. १९६२ साली तिथे अमेरिकन फेंडरच्या बासमन अँपचं सर्किट समोर ठेवून त्यांनी आपला अँप काढला. पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून १९६५ च्या सुमारास १०० वॅटचा आला. त्या काळी सभागृहातले लाउडस्पीकर दुबळे, गिटारचा आवाज अँपनंच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सपुढे पंचावन्न हजारांवर माणसं किंचाळत होती आणि १०० वॅटचे अँप असूनही त्यांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू आलं नाही. ठीक आहे. पण आमच्या ताईच्या हॉलमध्ये सत्यनारायणाला जास्तीत जास्त चाळीस माणसं येतात, आणि ती प्रसादाच्या वेळेपर्यंत किंचाळत नाहीत.

उलट ज्या आवाजासाठी ही पोरं जीव टाकतात तो पहिल्यांदा निघाला कशातून? मोडक्या वस्तूंतून. १९५१ मध्ये 'रॉकेट ८८'च्या ध्वनिमुद्रणाला जाताना गिटारवाल्याचा अँप वाटेत खराब झाला; स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं. लिंक रेनं 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं लहानशा अँपचा स्पीकर ब्लेडनं कापला. यांतल्या एकालाही सात पेडलं मिळाली नव्हती.

मी हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, आता कॉम्प्युटरवर सगळे अँप मिळतात, हेडफोन लावून वाजवता येतं." येतं ना! आणि हल्ली ते चांगलंही वाजतं, मी ऐकलंय. तेच घेतलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. माझं भांडण व्हॉल्व्ह विकत घेऊन त्याला उपाशी ठेवण्याशी आहे.

शेवटी त्याच्या मित्राकडून आम्ही एक पिटुकला अँप मागून आणला. ५ वॅट, आठ इंची एक स्पीकर. फेंडरच्या जुन्या चँपची नक्कल. शेवटी ६व्ही६ जातीचा एकच व्हॉल्व्ह आणि पुढे एकच बटण, आवाजाचं. भाचा बेसचं बटण शोधत होता. मोठ्या अँपवर त्यानं बेस दहावर नेऊन ठेवला होता. त्याचाही दोष नाही. आवाज बारीक असला की कानाला खर्जच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून ठेवलंय. तोच बेस मोठ्या आवाजात चिखल होतो. बेस कमी, मधले स्वर भरपूर, हे मी त्याला कागदावर लिहून दिलं.

पेडलं बाजूला. आवाज सातवर. भाच्यानं हलक्या हातानं छेडलं तर स्वर स्वच्छ. जरा जोर केला तर कडेनं फाटत, गुरगुरत आला. मग त्यानं गिटारवरचं बटण थोडं मागे घेतलं. बारा वर्षांत ते बटण त्यानं कधी हलवलंच नव्हतं! पुन्हा स्वच्छ. पुन्हा पुढे. पाऊण तास तो एकच ओळ वाजवत होता. ताईनं आमटी दोनदा गरम केली, पण हाक मारली नाही.

लबाडी नको म्हणून सांगतो, ५ वॅटसुद्धा फ्लॅटमध्ये कमी नसतात. खालच्या काकू वर आल्याच. तह झाला तो संध्याकाळी पाच ते सहाचा, शनिवार-रविवार. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवून जास्तीची शक्ती उष्णतेत जिरवणारं एक यंत्र मिळतं, तेही पाहतोय. एक गोष्ट मात्र मी भाच्याला तीनदा बजावली: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप वाजवायचा नाही, आतला ट्रान्स्फॉर्मर जळतो, आणि बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट टिकून राहतात, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर मामाच्या हातात द्यायचा नाही. हे दुसरं खरं तर ताईनं बजावलं.

१०० वॅटवाला विकायला काढलाय. दोघंजण बघून गेले, जिना बघून परतले. तोवर ताईनं त्याच्यावर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल घातलाय आणि वर फुलदाणी ठेवलीय.