न झालेल्या दंगलीचे श्रेय

पोलीस अधिकाऱ्याची थोरवी आपण बहुधा त्याने पकडलेल्या गुन्हेगारांवरून मोजतो. निवृत्त पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांचे नाव मात्र एका न झालेल्या दंगलीशी जोडले गेले आहे. बाजारपेठेची शांतता कशाने टिकते, याचे उत्तर त्यांच्या कार्यात सापडते. म्हणून व्यापारी कुटुंबांनी ते आवर्जून जाणून घ्यावे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. सुताचा व्यापारी, मागाचा मालक, कारागीर, हमाल अशा अनेक हातांतून तेथील माल फिरतो आणि हे हात एकाच धर्माचे नाहीत. तरीही मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी शासनाला न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा वणवा पेटला आणि तो ठाणे-मुंबईपर्यंत पसरला. १९८८ मध्ये खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत रुजू झाले, तेव्हा या दोन्ही दंगलींच्या जखमा शहराच्या अंगावर होत्या.

सणावाराच्या तोंडावर शांतता समितीची बैठक बोलवावी, प्रतिष्ठितांनी भाषणे करावीत, चहापान व्हावे आणि मंडळी आपापल्या घरी परतावीत, ही सर्वत्र रूढ असलेली रीत. खोपडे यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. सभासद दोन्ही समाजांतील आणि मुख्यत्वे सामान्य माणसे. समितीशी पोलीस शिपायाला जोडून दिले. बैठका सणापुरत्या न ठेवता नियमित होऊ लागल्या. शेजाऱ्यांचे तंटे, पाण्याची कुरबुर, घरगुती भांडणे असे साधे विषय तेथे निघत आणि समोरासमोर बसून मिटत. अशा बसण्या-उठण्यातून माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. अफवा आली तर ती खरी की खोटी हे कोणाला विचारायचे, हे प्रत्येकाला ठाऊक झाले.

या परिश्रमाची कसोटी ६ डिसेंबर १९९२ नंतर लागली. अयोध्येतील घटनेनंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारीत उसळलेल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या उंबरठ्यावरची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात या प्रयोगाची मांडणी केली. दंगलीनंतर मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे वळू. मे २०१८ मधील ती रात्र शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा, गांधीनगर या भागांतील कुटुंबे विसरलेली नाहीत. दोघांचे प्राण गेले. अनेक दुकाने आणि वाहने जळून खाक झाली. त्या भडक्यामागे अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून निर्माण झालेला वादही होता. भिवंडीच्या समित्या ज्या किरकोळ विषयांवर तासन्‌तास बसत, त्यांपैकीच हा एक. मोठी आग लहान ठिणगीने लागते हे आपण सारेच म्हणतो. ठिणगी विझवण्यासाठी रोज वेळ देणारे थोडे.

व्यापाऱ्याच्या वहीत झालेला नफा आणि झालेले नुकसान यांची नोंद असते. टळलेल्या नुकसानीला खतावणीत खाते नसते. म्हणूनच दंगल झाल्यावर पंचनामा, विमा आणि भरपाई यांसाठी आपण दहा वेळा खेटे घालतो; पण एरवी पोलीस ठाण्यातील बैठकीचे निमंत्रण आले की ‘दुकानात गिऱ्हाईक आहे’ म्हणून मुनीमजींना पाठवतो. ज्या शांततेवर आपला सारा व्यवहार उभा आहे, तिचा भार शिपायाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होतो.

आपल्या धर्माने अहिंसेला परमधर्म मानले. सूक्ष्म जीवाची हिंसा होऊ नये म्हणून आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तापूर्वी भोजन करतो. हीच जागरूकता गल्लीतल्या माणसांविषयीही हवी. अनेकांतवाद सांगतो की सत्याला अनेक बाजू असतात; परंतु दुसऱ्याची बाजू ऐकायची तर त्याच्याजवळ जाऊन बसावे लागते. पर्युषण पर्वानंतर आपण आप्तेष्टांकडे क्षमा मागतो. त्याच दिवशी समोरच्या दुकानातील परधर्मीय शेजाऱ्याकडे, आपल्या हमालाकडे, रिक्षावाल्याकडे आपण किती जण जातो?

येत्या महिन्यात प्रत्येक दुकानदाराने एवढे करावे : आपल्या रांगेतील अन्य समाजाच्या पाच व्यावसायिकांची नावे, घरची माणसे आणि दूरध्वनी क्रमांक माहीत करून घ्यावेत. आपल्या बीटवरील शिपायाला, काही काम नसताना, दुकानात बसवून पाणी द्यावे. शांतता समितीची पुढील बैठक असेल तेव्हा स्वतः जावे आणि सोबत आपल्या एका कामगारालाही न्यावे; वस्तीतली खबर त्याला आपल्याहून आधी कळते.

जय जिनेंद्र.