समजून घ्या : तलावावर हौसेने गळ टाकायचा, तर परवानगी कुणाची?

परळी वैजनाथ : पाऊस चांगला झाला, तळी भरली की सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पाण्यावर जाणारे वाढतात. ऑनलाइन मागवलेली काठी, तंगूस, कणकेचा गोळा अशी सगळी तयारी असते. तासभर बसल्यावर राखणदार येतो आणि विचारतो, ‘कुणाला विचारून बसलात?’ तिथून वाद सुरू होतो. परळीकरांना जवळचे मोठे पाणी म्हणजे नागापूरचे वाण धरण. अशा ठिकाणी नियम काय सांगतो?

परवाना कुठे मिळतो?

हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीरमध्ये गळाने मासे धरण्यासाठी मत्स्य विभाग परवाना देतो. महाराष्ट्रात गोड्या पाण्यात सगळीकडे चालेल असा एकच हौशी परवाना नाही. त्यामुळे इथे पहिला प्रश्न वेगळा असतो : या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे?

हक्क कुणाचा?

पाटबंधारे तलावांतील मासेमारी शासन ठेक्याने देते. ठेका साधारण पाच वर्षांचा असतो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य मिळते. संस्था पैसे भरून रोहू, कटला, मृगळाची बोटुकली पाण्यात सोडते. शेतकऱ्याने बी पेरावे, तसेच हे. म्हणून ‘एक-दोन मासे धरले तर काय बिघडले’ हा सवाल सभासदाला पटत नाही. तलाव आटला तर त्याचे भांडवलही बुडते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

शेततळ्याचा मालक शेतकरी असतो. बांधलेल्या तळ्यातले मासे मालकाच्या ताब्यातले मानले जातात. न विचारता काढले तर चोरीची तक्रार होऊ शकते.

आधी काय करावे?

- ठेका कुणाकडे आहे, हे बीडच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारावे.
- ठेकेदार संस्थेची परवानगी घ्यावी. पैसे दिले तर पावती मागावी.
- धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. संस्थेने होकार दिला म्हणून तिथे बसता येत नाही.
- जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. वन विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

काय अजिबात चालत नाही?

सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यावर भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ पासून बंदी आहे. राज्याचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे. नागापूरच्या पाण्यावर परळी शहराची तहान भागते. तिथे विष टाकणे म्हणजे शहराच्या नळाशी खेळ.

पावसाळ्याच्या तोंडावर मासे अंड्यांवर येतात. या काळात पोटात गाभोळी असलेली मादी गळाला लागली, तर ती परत सोडणे शहाणपणाचे.

फलक लावायला काय हरकत?

इंग्लंडमध्ये १३ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला गळासाठी परवाना लागतो. तिथेही तळ्याच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावीच लागते. म्हणजे विचारून बसणे हा काही आपल्याकडचा जाच नाही. फरक इतकाच, की तिथे कुणाला विचारायचे ते आधी कळते.

आपल्याकडे ही माहिती ज्याची त्याने शोधायची. ठेकेदाराचे नाव, ठेक्याची मुदत आणि दिवसाच्या पावतीचा दर लिहिलेला एक फलक प्रत्येक तलावावर लावला, तर काठावरचे निम्मे वाद मिटतील. हौशी माणसाला बिनघोर बसता येईल आणि मच्छीमार संस्थेलाही चार पैसे मिळतील. मत्स्यव्यवसाय विभागाने हे मनावर घ्यावे. तोवर गळ टाकण्याआधी एक फोन केलेला बरा.