अ‍ॅम्प हळू वाजवून बघा

बेस गिटारचा अ‍ॅम्प घ्यायला निघालं की सगळे आधी वॅट विचारतात. "पंचवीस? त्याने काय होतंय? शंभर तरी घे की, पुढं प्रोग्रामला उपयोगी पडेल." दुकानदार हे सांगतो, कॉयरमधले थोरले सांगतात, ज्यांनी जन्मात कधी बेस हातात धरला नाही तेही सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. सराव घरी करायचा असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर अ‍ॅम्प मोठ्याने किती वाजतो याला फारसा अर्थ नाही. तो हळू वाजवल्यावर कसा ऐकू येतो, ते बघून घ्यायला हवा.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आपल्या मंडळातलेच तिघं-चौघं बेस वाजवतात, हे एक. दुसरं म्हणजे हा विषय दिसतो तेवढा इंग्रजी नाही. इंग्रजीत खालचा सूर आणि पाया या दोन शब्दांची स्पेलिंगं वेगळी आहेत. देवनागरीत दोन्ही 'बेस'. मला ही सोयच वाटते, कारण या वाद्याचं काम तेच आहे. पण त्याहून जुना शब्द आपल्याकडे आहे, खर्ज. आमच्या गल्लीत एक काका पहाटे पाचला तंबोरा लावून खर्जाचा रियाज करतात. आवाज मोठा नसतो, पण हलत नाही, आणि एकेका सुरावर किती वेळ थांबायचं याची त्यांना घाई नसते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला वाजते. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड ई तार ४१ ला. साध्या गिटारची जाड ई याच्या दुप्पट, ८२ ला. म्हणजे बेसवाला काकांच्याही खाली उतरतो. एवढ्या खालच्या सुराचा सराव कसा करायचा हे रॉक शोच्या पोस्टरवरून शिकण्यापेक्षा काकांकडून शिकावं.

मुळात अ‍ॅम्प लागतोच का? हॉस्टेलवर राहणारे बरेच जण नुसताच बेस मांडीवर घेऊन बसतात. बोटं फिरवायला ते ठीक आहे, पण इलेक्ट्रिक बेसला पोटच नसतं. आवाज येत नाही म्हणून उजवा हात नकळत तारा जोरात ओढायला लागतो, आणि ती सवय मग सुटत नाही. शिवाय न वाजवलेल्या तारा दाबून गप्प ठेवणं हे बेसमधलं अर्धं काम. एक तार वाजवताना शेजारची कुजबुजते आहे हे अ‍ॅम्पशिवाय कळतच नाही. चर्चमध्ये स्पीकरला जोडल्यावर मात्र सगळ्या मिस्सेला कळतं.

तर वॅट. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे २५ च्या जागी ५० वॅटचा अ‍ॅम्प घेतला, तर आपण जेवढे जास्त पैसे दिले तेवढा जास्त आवाज काही मिळत नाही. आणि बहुतेक स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर नव्वद डेसिबलच्या आसपास वाजतात. दहा बाय बाराच्या खोलीत हा आवाज घरच्यांना खोलीबाहेर काढायला पुरेसा आहे. उरलेले नव्व्याण्णव वॅट ड्रमसेटच्या शेजारी उभं राहायचं असेल तेव्हा लागतात. घरी ते नुसते पडून राहतात.

आमच्या कॉयरमधल्या एका पोराने सगळ्यांचं ऐकून शंभर वॅट आणि पंधरा इंची स्पीकरवाला अ‍ॅम्प घेतला. दोघांनी उचलावा लागतो. घर चाळवजा, भिंत सामाईक, वर पत्रा. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावरून जरा हलवला की एकदम पुढच्या पायरीवर आवाज. मधलं काहीच नाही. वहिनी बाळंतीण म्हणून दोन महिने बंद, मग शेजारच्या आजी आजारी म्हणून बंद. आता त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. तो चांगला वाजवायचा हो, आमच्यात ताल न सोडणारा तोच एक. वाद्य सोडणाऱ्या पोरांना आपण आळशी म्हणतो, पण चुकीचा अ‍ॅम्प हेसुद्धा वाद्य सुटण्याचं कारण असतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

आता हळू वाजवण्यात खरी अडचण कानाची आहे. खालचे सूर हळू झाले की कान ते वरच्या सुरांपेक्षा फार लवकर सोडून देतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि तेव्हापासून ध्वनीच्या प्रत्येक पुस्तकात त्यांचे ते वाकडे आलेख असतात. म्हणून मोठ्या आवाजात भरदार वाटणारा अ‍ॅम्प हळू केला की पत्र्याचा डबा वाटू शकतो. दुसरीकडे कान थोडा दयाळूही आहे. ४१ चा मूळ सूर नीट आला नाही तरी त्याच्यावरचे ८२, १२३ असे सूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस लोकांनी हातभर रेडिओवर ऐकला. त्या तळहाताएवढ्या स्पीकरला ४१ हर्ट्झ कुठला झेपायला, तरी बेसची चाल सगळ्यांना कळायची. म्हणजे आठ इंची स्पीकर म्हणजे खेळणं, ही समजूत अर्धीच खरी. दहा इंची मिळाला तर हळू आवाजात खालची भर जास्त चांगली येते, म्हणून पैसे वाढवायचेच असतील तर वॅटऐवजी स्पीकर आणि पेटीच्या आकारावर वाढवावेत.

दुकानात काय करायचं? आपलाच बेस घेऊन जायचं. बेस, मिड, ट्रेबल तिन्ही नॉब मधोमध. व्हॉल्यूम एवढाच, की शेजारी उभ्या मित्राशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल. दुकानदाराला हे आवडत नाही, तो हात पुढे करून नॉब फिरवतोच. "राहू दे दादा" म्हणायचं. मग ई तार मोकळी वाजवून एकेक फ्रेट चढत पाचव्यापर्यंत जायचं, मग ए तारेवर तसंच. सगळे सूर सारख्या वजनाचे येतात का? एखादा गायब, एखादा उगाच घुमणारा, असं आहे का? तार दाबून थांबवली की आवाज तिथेच तुटतो, की पेटी मागे गुरगुरत राहते? नॉब एक ते तीनच्या मध्ये फिरवून बघा, आवाज हळूहळू वाढतो की उडी मारतो. शेवटी काहीच न वाजवता कान जवळ न्या. बारीक सूं आवाज दुकानात कुणाला कळत नाही, रात्री नऊला घरी फार कळतो. स्लॅप आणि भरभर वाजवून दाखवायचा मोह आवरा, त्यात कुठलाही अ‍ॅम्प चांगला वाटतो.

नावंच हवी असतील, तर फेंडरचा रंबल २५ आणि ऑरेंजचा क्रश बेस २५ हे दोन्ही २५ वॅटचे, आठ इंची. ऑरेंजमध्ये ट्यूनरही आतच आहे. अँपेगचा बीए-१०८ वीस वॅटचा, तोही आठ इंची. रंबल ४० ला दहा इंची स्पीकर आहे, आणि मला विचाराल तर पैसे साठवून थांबण्यासारखा तोच. या सगळ्यांना मोबाइलवरचं गाणं जोडायला जागा आणि हेडफोनचं भोक आहे. यातलं एकही नसलेला अ‍ॅम्प कितीही स्वस्त असो, सरावाला घेऊ नये. नवीन घेतले तर हे पाच आकड्यांत जातात, म्हणजे शिकाऊ बेसइतकेच किंवा जास्त. ते जमत नसेल तर घरात कीबोर्डचा अ‍ॅम्प असेल तो चालतो, चांगला चालतो. साध्या गिटारचा अ‍ॅम्पही अगदी हळू चालतो, पण वाढवला की स्पीकरचा कागद फाटायची भीती. होम थिएटरला थेट जोडू नका. बेसचा सिग्नल त्या भोकासाठी नसतो, आवाज बोथट येतो आणि चुकून मोठा फटका बसला तर पप्पांना उत्तर तुम्ही द्यायचं.

इथे कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, हेडफोन आहेत ना. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग बेसच्या भोकात सरळ बसतो, दोन बारीक सेलवर चालतो. मी तो नाकारत नाही. रात्री दहानंतर दुसरा मार्गच नाही. (तारेचे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर सूर उशिरा पोचतो आणि बोटं गोंधळतात.) पण फक्त हेडफोनवर वाढलेला बेसवादक मला लगेच ओळखू येतो. कानाच्या आत सगळंच गोड आणि जवळ वाटतं, त्यामुळे खोलीत, माणसांमध्ये, दुसऱ्याच्या आवाजाखाली आपला सूर किती ठेवायचा याचा अंदाजच येत नाही. लेंटमध्ये चर्चमधली वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असा नियम आहे. बेसवाल्याने बारा महिने तसंच वाजवावं, आणि ते शिकायला हवेतला आवाज लागतो. शिवाय घरच्यांना आपण काय करतो ते ऐकू आलं पाहिजे. रोज तासभर कानात बोळे घालून गप्प बसलेला मुलगा अभ्यास टाळतोय, असंच मम्मीला वाटणार.

शेजाऱ्यांचं काय? कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण त्यासाठी ज्या प्रकारे मोजतात त्यात खालच्या सुरांचं वजन कमी धरतात. ४१ हर्ट्झच्या सुरातले तर साधारण ३४ डेसिबल वजाच होतात. म्हणजे मीटर गप्प आणि शेजारच्या काकूंच्या कपाटातली भांडी वाजतायत, असं होऊ शकतं. अशा वेळी काकूंवर विश्वास ठेवावा. या सुराची लांबी आठ मीटरच्या वर असते, साध्या विटेच्या भिंतीला तो फारसा जुमानत नाही. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवला की घुमणं आणखी वाढतं, म्हणून कोपरा टाळा; जमिनीवरून उचलून स्टुलावर, कानाकडे तोंड करून ठेवा, खाली जुनी सतरंजी घाला. कान जवळ असले की व्हॉल्यूम आपोआप कमी लागतो. खोलीचीही एक खोड असते. दहा फूट लांबीच्या खोलीत ए तारेच्या आसपासचा एखादा सूर विनाकारण मोठा येतो, कारण त्या सुराची निम्मी लांबी खोलीएवढी भरते. तिथे अ‍ॅम्प बदलू नका, खुर्ची दोन फूट सरकवा.

जुना अ‍ॅम्प घ्यायला माझी ना नाही, निम्म्यात मिळतो. आखाती देशातून किंवा अमेरिकेतून कुणी आणलेला असेल तर मागे २३० लिहिलंय का ११०, ते आधी वाचा. प्लगची तिसरी, जाड पिन कुणी कापून टाकली असेल तर तो अ‍ॅम्प फुकटही घेऊ नका. आपल्याकडे जुन्या कौलारू घरांत अर्थिंग नसतंच किंवा नावालाच असतं. बेसच्या तारा पुलावरून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं आणि अर्थिंग नसेल, तर वीज तुमच्या बोटांवाटे जाते, आणि समोर माइक असेल तर ओठांवाटे. सॉकेट तपासून घेण्याचे इलेक्ट्रिशियनचे पैसे अ‍ॅम्पच्या किमतीतच धरा. अ‍ॅम्प गुणगुणत असेल आणि तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल, तर ते बहुतेक वेळा बेसच्या आतल्या वायरिंगचं किंवा खोलीतल्या ट्यूबलाइटचं असतं, फार घाबरायचं नाही. पण हाताला झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी भिंतीवरचं बटण बंद.

ती गुणगुण कुठल्या सुरात असते, सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ चा. म्हणून जी मेजरमधलं गाणं बसवताना आमच्या घरचा स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू झाला, की मी खुशाल वाजवत राहतो. मिक्सर किंचित वर लागतो, एवढंच.