बनी तो बनी, नहीं तो परभणी

ही म्हण परभणीच्या माणसाला कुणी शिकवत नाही. जमलं तर जमलं, नाही तर आहेच आपली परभणी. बाहेरचे लोक ती आम्हाला चिडवायला वापरतात आणि आम्ही स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या कामांवर झाकण म्हणून. माझ्या बाबतीत ती जानेवारी 2020 मध्ये चेन्नईच्या विमानतळावर अक्षरशः खरी झाली. तेव्हापासून 'पाच दिवसांत अंदमान' छापाचा प्लॅन घेऊन ऑफिसातलं कुणी आलं की मी जरा खेकसतोच. परवा पुन्हा एकजण आला. मूळचा जिंतूरचा, आईवडिलांना घेऊन जायचंय म्हणाला. चहाच्या दहा मिनिटांत त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

तर झालं असं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. सेल्युलर जेलची ती सात पाकळ्यांची आकृती त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याचा हिशोब नाही. प्रत्यक्षात आता त्यातल्या तीनच पाकळ्या उरल्यात हेही ते पोरांना सांगायचे. पण स्वतः कधी बघितलेलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी तोंडानं मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, त्यात काय, करू की! आपण सॉफ्टवेअरवाले. एक्सेल उघडलं, सगळी विमानं एकाखाली एक लिहिली, 'एकूण भाडं' या रकान्यावर सॉर्ट मारला आणि वरची ओळ उचलली. झालं प्लॅनिंग.

ती वरची ओळ अशी होती. परभणीहून रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद, तिथून टॅक्सीनं शमशाबाद, सकाळच्या विमानानं चेन्नई, आणि चेन्नईत दीड तासानं दुसऱ्या कंपनीचं पोर्ट ब्लेअरचं विमान. तिकिटं वेगवेगळी. तिघांचे मिळून सहा हजार रुपये वाचले होते आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

अण्णांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकच प्रश्न विचारला, "मधात किती वेळ ठेवलास?"

"दीड तास. पुरतो अण्णा, सगळे तसंच करतात."

"दीड तास मनमाडलाही पुरत नव्हता रे."

मनमाडचा संदर्भ नव्या लोकांना लागणार नाही, म्हणून थोडं विषयांतर. आमच्या परभणीवरून जाणारी लाईन निजामाच्या काळातली, 1900 च्या सुमाराची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. ती मीटरगेज होती. मुंबईची लाईन ब्रॉडगेज. त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन, दुसऱ्या गाडीत बसावं लागे. 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले आणि गाड्या थेट जायला लागल्या. तोपर्यंत आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्या मनमाडच्या बाकांवर झोपल्या. रात्रीची गाडी वेळेवर पोचली तर सकाळची पंचवटी मिळे. नाही पोचली तर मिळेल त्या गाडीत उभं राहून जायचं. म्हणून ज्यांना मुंबईत खरंच महत्त्वाचं काम असे, इंटरव्ह्यू किंवा दवाखाना, ते एक दिवस आधीच निघत. याला कुणी 'बफर' वगैरे म्हणत नव्हतं. "आदल्या दिशी निघा" एवढंच.

मी अर्थातच ऐकलं नाही. मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसणाऱ्या जमान्यात मनमाडचं काय घेऊन बसलात!

पुढे काय झालं ते मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण त्यात एकही मोठा बिघाड नाही. गाडी दीड तास उशिरा पोचली, जे आपल्याकडे कुणी उशीरसुद्धा मानत नाही. टॅक्सी पळवत विमान गाठलं. ते पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. चेन्नईत बॅगा यायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या काउंटरवर पोचलो तेव्हा विमान अजून उभं होतं, पण काउंटर बंद झालं होतं. देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं हे मला माहीत होतं. पण 'दीड तास' लिहिताना मी तो तास वजाच केला नव्हता! म्हणजे माझ्या हातात खरं तर अर्धा तास होता, आणि त्या अर्ध्या तासात बॅगांचा पट्टा, जिने, रांग आणि आईची पावलं असं सगळं बसवायचं होतं.

काउंटरवरच्या मुलीची चूक शून्य. तिच्या स्क्रीनवर आम्ही तिघं वेळेवर न आलेले प्रवासी. पहिलं विमान उशिरा आलं याच्याशी तिच्या कंपनीचा काय संबंध? तिकीट एकच असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची होती, बॅगाही परस्पर पुढे गेल्या असत्या. वेगवेगळ्या तिकिटांत मधला सांधा कुणाच्याच मालकीचा नसतो. तो तुमचा. आपण रोज दोन सिस्टिमच्या मधल्या इंटरफेसवरून भांडतो, 'आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे' असे मेल एकमेकांना पाठवतो, आणि आईबापांचं तिकीट काढताना नेमकं तेच विसरतो.

दुसऱ्या दिवशीची तिघांची तिकिटं सगळ्या ट्रिपच्या विमानभाड्यापेक्षा जास्त होती. शिवाय हॅवलॉकची बोट आणि हॉटेल एकाला एक बांधलेलं, तेही कोसळलं. आई म्हणाली, "राहू दे आता, घरी चल." मी गप्प. अण्णा हसले आणि म्हणाले, "बनी तो बनी." म्हणीचा उरलेला अर्धा भाग कुणीच बोललं नाही. समुद्र दाखवायचा होता, तो मरीना बीचचा दाखवला आणि परत आलो.

"पुढच्या वर्षी जाऊ," असं ठरलं. दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागला.

आता माझं मत. आपण ट्रिपचा प्लॅन करतो तो मुंबई-पुण्याच्या माणसाचा प्लॅन उचलून. त्यात लिहिलेलं असतं, 'दिवस पहिला: पोर्ट ब्लेअरला आगमन'. परभणीच्या माणसाचा पहिला दिवस काल संध्याकाळीच प्लॅटफॉर्मवर सुरू झालेला असतो! त्याच्या साखळीला दोन कड्या जास्त असतात. समजा प्रत्येक कडी दहापैकी नऊ वेळा नीट बसते. एक कडी असेल तर 90 टक्के. तीन कड्या असतील तर 0.9 चा घन, म्हणजे 73 टक्के. चारातली एक ट्रिप बोंबलणार. हे गणित बारावीचं आहे, पण सॉर्ट मारताना कुणाला आठवतं?

त्यात बेटाची गोष्ट निराळी. पुण्याची गाडी चुकली तर एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहे, अगदीच नाही तर कुणाची तरी जीप आहे. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर समुद्रावरून साधारण तेराशे-चौदाशे किलोमीटर. जहाज आहे, पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि ते रोज नसतं. म्हणजे साखळीतली शेवटची कडी सगळ्यात महाग आणि तिला पर्याय नाही. अशा कडीच्या अलीकडे एक अख्खी रात्र रिकामी ठेवायची. तास-दोन तास नव्हे, रात्र.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "रजा कुठेय एवढी? जाताना एक, येताना एक, दोन दिवस फुकट!" बरोबर आहे, रजा मलाही मोजूनच मिळते. पण मग बेटं कमी करा. पाच दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील असं सगळं कोंबण्यापेक्षा नील सोडा. नाहीतरी अंदमानात घड्याळ आपलं आणि सूर्य त्यांचा असतो. ती बेटं आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दहा अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य सुमारे चाळीस मिनिटं पुढे. हिवाळ्यात साडेपाचच्या आत अंधार. दुपारच्या विमानानं उतरलात तर तो दिवस कॅलेंडरवर असतो, हातात नसतो. या हिशोबानं माझ्या 2020 च्या 'पाच दिवसां'मध्ये खरे दिवस तीनच होते.

"परभणीहून मुंबईच बरी, आता वंदे भारत आहे," असंही जिंतूरकर म्हणाला. असू दे. गाडी चांगली आहे, पण अंदमान आहे पूर्वेला आणि आपण आधी पश्चिमेला जायचं, हे मला पटत नाही. हैदराबाद आपल्याला जवळ आहे, रुळानं तर पूर्वीपासून आहे. नांदेडचं विमान? 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे खूष होतो. ती ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली, मग 2024 मध्ये स्टार एअर आली. जवळच्या विमानतळाचा अभिमान आहेच, पण जिथली विमानं येतात-जातात तिथल्या छोट्या विमानावर सात दिवसांची ट्रिप टांगू नये. त्याच्या पुढेही रात्र ठेवणार असाल तर खुशाल जा.

येतानाचा घोळ याहून जास्त लोक करतात. हॅवलॉकहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान. बोटीला दीड-दोन तास लागतात हे खरं, पण समुद्र खवळला की ती सुटतच नाही, आणि समुद्र पीएनआर बघत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. प्लॅन उलट्या टोकापासून, परतीच्या विमानापासून मागे मागे लिहीत यायचा, म्हणजे हे आपोआप दिसतं.

आम्ही शेवटी गेलो फेब्रुवारी 2025 मध्ये. तोवर पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं होतं (सप्टेंबर 2024) आणि हॅवलॉकचं तर 2018 पासूनच स्वराज द्वीप. घरात सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही वर तीच लिहिली. या वेळी कागद अण्णांनी लिहिला, वहीच्या पानावर, पेननं. परभणीहून आदल्या दिवशी निघायचं, हैदराबादेत मुक्काम, एकाच तिकिटावर पुढे. दोन रात्री हॅवलॉक, शेवटची पोर्ट ब्लेअर, परतताना पुन्हा हैदराबादेत रात्र. सात दिवस. गाडी याही वेळी दोन तास उशिरा पोचली. आम्ही डब्यात शेंगा खात बसलो होतो, कुणी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेल्या दुपारी सालारजंग म्युझियम झालं. तिथल्या त्या प्रसिद्ध वाजणाऱ्या घड्याळापुढे आई गर्दीत उभी राहिली, तेवढंच काय ते घड्याळ बघणं.

पण पाच वर्षं मध्ये गेली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन 2023 मध्ये झालं आणि ते म्हणावं तसं जमलं नाही. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर आहे. आईनं जिना बघितला, कठड्याला हात लावला आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बसते इथं." 2020 मध्ये ती हा जिना माझ्या आधी चढली असती. अण्णा वर गेले, कोठडीत दोन मिनिटं उभे राहिले, मग गच्चीवर. मला वाटलं काहीतरी बोलतील, इतिहासाचे मास्तर ना. ते मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले, आडवे, उभे, गजाचा, कुलपाच्या खाचेचा, समुद्राचा. "तिला दाखवायला," म्हणाले. खाली येऊन तिच्या शेजारी बसले आणि एकेक फोटो बोटानं मोठा करून, वर्गात सांगायचे तसं सांगत राहिले. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. सहा हजार रुपये वाचवले होते मी.

जिंतूरकराला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याच्या एक्सेलमधली चेन्नईची ओळ खोडली आणि तिथे 'हैदराबाद, मुक्काम' असं लिहिलं, बस. तो जरा नाराज झालाय. त्याची रजा एक दिवसानं वाढतेय आणि मॅनेजरला विचारावं लागणार आहे.

अण्णांनी सध्या लक्षद्वीपचं काढलंय. अगत्तीला कोचीहून छोटं विमान जातं आणि आधी परवाना लागतो, हे त्यांनी शोधून ठेवलंय. अगत्तीत जिने कितीसे असतील, हेही मला विचारून झालं. वहीत लिहिलंय: कोची, रात्री दोन.