मोसंबी लावताय? कलमाचा खुंट कोणता, ते आधी विचारा!

चाळीसगाव : मोसंबीचे कलम घेताना आपण उंची पाहतो, पानांचा हिरवेपणा पाहतो आणि दर विचारतो. कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे, हे क्वचितच विचारले जाते. बाग १० वर्षांनी उभी राहणार की वाळणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

खुंट म्हणजे काय?

मोसंबीचे झाड दोन झाडांचे मिळून बनते. वर मोसंबी आणि खाली मुळांसाठी दुसऱ्याच लिंबूवर्गीय झाडाचे रोप, म्हणजे खुंट. डोळा भरून दोघांना जोडतात. पाणी आणि अन्नद्रव्ये उचलणे खुंटाच्या हाती असते.

महाराष्ट्रात मुख्यतः दोन खुंट वापरतात : जंबेरी आणि रंगपूर लिंबू. जंबेरीवर झाड जोमाने वाढते, फळ मोठे येते. मात्र मूळकूज आणि डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीला ते लवकर बळी पडते. रंगपूर लिंबू पाण्याचा ताण आणि चुनखडी तुलनेने चांगली सोसतो, बुरशीपुढेही जास्त टिकतो.

चाळीसगावात हा प्रश्न का?

गिरणा पट्ट्यातल्या काळ्या, भारी जमिनीत पाणी साचते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा तालुक्यातली शेतेच्या शेते पाण्याखाली गेली. साचलेले पाणी ही फायटोफ्थोराची आवडती जागा. उलट उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. म्हणजे एकाच बागेला दोन्ही टोके सोसावी लागतात.

लागवडीच्या अनुदानाचा हिशेबही पाहा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. मोसंबीचे व्यापारी उत्पादन सुरू होते त्यानंतर. चुकीच्या खुंटाचा फटका दिसू लागतो तेव्हा अनुदानाचा शेवटचा हप्ताही मिळून गेलेला असतो!

मग सगळ्यांनी रंगपूरच लावायचा का?

इथे ब्राझीलचे उदाहरण बघण्यासारखे आहे. साओ पाउलो राज्यात १९४०च्या सुमारास आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे ट्रिस्टेझा विषाणूने मेली. शेतकरी रंगपूर लिंबूकडे वळले. २००० च्या आसपास ‘सडन डेथ’ नावाचा नवा रोग आला आणि तो नेमका रंगपूरवरच्या बागांवर पडला. पूर्ण पट्ट्याने एकाच खुंटावर विसंबणे हाही धोकाच.

खत भरपूर देऊन भागत नाही?

नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. पाने बारीक राहून पिवळे चट्टे पडले तर जस्ताची. अशा वेळी युरियाची आणखी गोणी टाकून काही होत नाही, नव्या पालवीवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी लागते. माती आणि पानांची तपासणी करून मगच मात्रा ठरवावी.

गोंधळ होतो तो आकड्यांचा. शिफारस ‘नत्रा’ची असते, युरियाची नाही. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून १०० ग्रॅम नत्रासाठी सुमारे २१७ ग्रॅम युरिया लागतो. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडे बसतात. झाडामागे १०० ग्रॅमची चूक म्हणजे हेक्टरी जवळपास २८ किलो.

रोप घेताना काय पाहायचे?

डोळा भरल्यानंतर नुसत्या नजरेने खुंट ओळखणे कठीण. म्हणून परवानाधारक रोपवाटिकेतूनच कलम घ्या आणि पावतीवर खुंटाचे नाव लिहून मागा. लावताना जोड जमिनीच्या वर राहील असे पाहा. तो मातीत गाडला तर डिंक्याला वाट मिळते. जोडाखालून फुटणारी फूट लगेच काढा, नाहीतर मोसंबी दबते आणि काही वर्षांनी झाडाला आंबट लिंबे लागतात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.