कर्ज माफ, वसुली चालू

झांबियाने १९७९ मध्ये रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे उधारीवर घेतली. पुढे देशाची भिस्त असलेल्या तांब्याचे भाव पडले, हप्ते थकले. १९९९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या ‘डोनेगल इंटरनॅशनल’ने हे बुडीत कर्ज सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतले आणि पुढे लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा ठोकला. २००७ च्या निकालात न्यायमूर्तींनी कंपनीच्या साक्षीपुराव्यावर ताशेरे ओढले. तरीही सुमारे दीड कोटी डॉलर तिच्या पदरात पडलेच.

हे पैसे कुणाचे होते? कर्जमाफीसाठी १९९८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुमारे ७०,००० माणसांनी हातात हात घालून साखळी केली होती. अशा चळवळींच्या रेट्यामुळेच २००५ मध्ये झांबियाला मोठी माफी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या ग्रामीण दवाखान्यांतली फी रद्द झाली. तापाने फणफणलेले मूल पाठीशी बांधून आलेल्या आईला आता खिडकीशी आधी पैसे मोजावे लागत नव्हते. एकीकडे मिळालेली ही माफी कंपनीने दुसरीकडे वसूल केली. कायदेशीर असली, तरी ही लूटच आहे.

ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून अशा वसुलीला चाप लावला, पण तो जुन्या कर्जांपुरता. नंतरचे डॉलर-रोखे मोकळेच राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने याच रोख्यांच्या हप्त्यांपुढे हात टेकले. रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडले. तोवर देश टांगणीला.

एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला होता. गावच्या सावकाराला जी मर्यादा, ती आंतरराष्ट्रीय सावकाराला का नको? बेल्जियमने २०१५ मध्ये ती घातली: कवडीमोलाने कर्ज विकत घेऊन गडगंज होऊ पाहणाऱ्याला, त्याने मोजलेल्या किमतीपेक्षा जास्त वसुली तिथे करता येत नाही. गरीब देशांचे बहुतेक डॉलर-रोखे मात्र इंग्लंड किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात. म्हणून चळवळीने आता माफीच्या आकड्यांवर समाधान न मानता या दोन ठिकाणच्या कायदेमंडळांना धरले पाहिजे आणि बेल्जियमचे कलम तिथे मंजूर होईपर्यंत सोडता कामा नये.