पायाखालची चूल

दोस्तांनो, सोल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आधी बुटाचा सोल येईल. आई-बाबांना विचारून बघा, त्यांना १९८८ सालचं ऑलिंपिक आठवेल. दक्षिण कोरियाची ही राजधानी. वस्ती नव्वद लाखांहून जास्त. या आठवड्यात आपण तिथे जाणार आहोत, आणि तेही ऐन जानेवारीत! ‘मे महिन्यात का नाही?’ असं कुणीतरी पुटपुटलेलं मला ऐकू आलं. पण थंड मुलखातली माणसं राहतात कशी हे बघायचं, तर थंडीतच जायला हवं, नाही का?

आधी नकाशा काढा. सोल आहे साधारण साडेसदतीस अंश उत्तर अक्षांशावर. आता बोट सरळ डावीकडे सरकवत न्या. चीन, इराण, तुर्कस्तान ओलांडलंत की जवळपास त्याच रेषेवर ग्रीसमधलं अथेन्स सापडेल. अथेन्सला जानेवारीत सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास असतं. आणि सोलला? शून्याच्याही खाली. ८ जानेवारी २०२१ ला तर तिथे पारा उणे १८.६ पर्यंत उतरला होता. घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा साधारण एवढाच थंड असतो. म्हणजे त्या दिवशी अख्खं शहर बर्फाच्या कप्प्यात!

दोन्ही शहरं एकाच रेषेवर, मग असं का? ही सगळी सैबेरियाची करामत. हिवाळ्यात तिथली जमीन भराभर थंड होते. तिच्यावरची हवाही थंड, कोरडी आणि जड होते, साठत जाते आणि मग समुद्राच्या दिशेनं वाहू लागते. कोरिया नेमका तिच्या वाटेत. या वाऱ्यांपासून आपल्याला हिमालय वाचवतो. सोलच्या पाठीशी असा कुणी दांडगा पहारेकरी नाही. मात्र ही थंडी लाटांनी येते. ‘तीन दिवस गारठा, चार दिवस ऊब’ अशी तिथल्या जुन्या लोकांची म्हणच आहे.

शहराच्या मधोमध हान नदी वाहते. ती गोठली की नाही, याची नोंद १९०६ पासून ठेवली जाते. त्यासाठी बघायची जागासुद्धा ठरलेली आहे, एका पुलाजवळची. रस्त्याच्या कडेला गाड्यांवर माशाच्या आकाराच्या गरमागरम पोळ्या साच्यात भाजत असतात. घाबरू नका, आत मासा नसतो! लाल कडधान्याचं गोड सारण असतं. पुरणच म्हणा ना. मेट्रोत बसलात तर बाकं खालून गरम! एवढ्या थंडीत उतरायचं कुणाला सुचणार?

पण खरी गंमत घरात आहे. दारात बूट काढा आणि आत पाऊल टाका. अरेच्चा! फरशी कोमट! आपण शेकोटीपुढे तळहात शेकतो, तर इथे उभ्या उभ्या तळपाय शेकले जातात. या पद्धतीला म्हणतात ओंदोल. जुन्या घरांत स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर असायचं. चुलीचा धूर आणि धग खोलीच्या जमिनीखालच्या बोळांतून धावत जायची आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडायची. बोळांवर सपाट दगड, दगडांवर माती, मातीवर तेल लावलेला जाड कागद. संध्याकाळी भात शिजला की दगड तापायचे आणि रात्रभर ऊब द्यायचे. एकाच जाळात जेवणही झालं आणि अंथरूणही गरम झालं. किती काटकसरीचं काम!

चुलीजवळची बाजू सगळ्यांत उबदार. तिला आरेन्मोक म्हणतात. ती जागा आजी-आजोबांची, नाहीतर पाहुण्यांची. बाबांना यायला उशीर झाला, तर त्यांच्या भाताचा वाडगा तिथेच गोधडीखाली झाकून ठेवायचा. मला विचाराल तर अख्ख्या सोलमध्ये बघण्यासारखी जागा हीच.

पुढे मात्र या चुलीनं फार रडवलं. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर कोरियाचे डोंगर उघडेबोडके झाले होते. सरपण कुठून आणणार? मग भोकं पाडलेल्या, नळकांड्यासारख्या कोळशाच्या वड्या आल्या. त्यांचं नाव योन्तान. स्वस्त आणि बराच वेळ जळणाऱ्या. तरी आई रात्री मधेच उठून वडी बदलायची, नाहीतर पहाटे चूल विझलेली. पण कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही की वास नाही. जमिनीला बारीकशी चीर गेली की तो खोलीत शिरायचा, आणि रात्री झोपलेली माणसं सकाळी उठायचीच नाहीत. कित्येक वर्षं दर हिवाळ्यात अशा बातम्या यायच्या. उठल्यावर कुणाचं डोकं जड वाटलं, तर लोक त्याला मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजत. खरं औषध होतं मोकळी हवा. (आई-बाबांनी इथे जरा थांबावं. बंद खोलीतली आपली कोळशाची शेगडी किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅसचा गीझर हाच वायू सोडू शकतो.)

आता सोलच्या उंच इमारतींत जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात. भिंतीवरचं बटण दाबलं की झालं. धूर नाही, राख नाही. पण ओंदोल गेलं नाही बरं! लिफ्टनं विसाव्या मजल्यावर पोचलात तरी बूट दारातच काढायचे आणि ऊब पायाखालूनच घ्यायची.

आणि तरीसुद्धा डोंगरउतारावरच्या काही जुन्या घरांत आजही योन्तान जळतात. तिथे बहुतेक एकटी-दुकटी म्हातारी माणसं राहतात. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढणीच्या, की ट्रक वर जातच नाही. मग थंडीत शहरातून स्वयंसेवक येतात. त्यांत शाळेतली मुलंही असतात. खालपासून वरपर्यंत रांग लावायची आणि हातातून हातात वड्या सरकवायच्या. एकीचं वजन साडेतीन किलोंहून थोडं जास्त. तुमचं दप्तर तरी हलकं असतं का हो? हातमोजे काळे, नाक काळं, नाक पुसायला जावं तर गालही काळे! एकमेकांकडे बघून हसू फुटतं, पण रांग थांबत नाही, कारण वरच्या आजीची चूल संध्याकाळच्या आत पेटायला हवी.

जळून गेलेली वडी पांढुरकी आणि भुसभुशीत होते. तीसुद्धा टाकून देत नाहीत. सकाळी गल्लीत बर्फाचा गुळगुळीत थर दिसला की ती त्यावर चुरडून पसरतात, म्हणजे उतारावर कुणाचा पाय घसरत नाही.